गाडी गेली, नाव राहिलं

गेल्या वर्षी रमजानच्या दोन आठवडे आधी सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरमालकांचा फोन आला. अब्बांच्या नावानं कोर्टाचं पाकीट आलंय, म्हणाले. असंच एक पाकीट आधीही आलं होतं, ते त्यांनी ‘हे लोक आता इथं राहत नाहीत’ असं सांगून परत पाठवलं होतं. या वेळी पोस्टमन ओळखीचा होता म्हणून त्यांनी निदान कुणाचं आहे ते बघून ठेवलं. ते घर सोडून आम्हाला सहा वर्षं झाली होती. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसटीनं गेले.

नोटीस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची होती. एका दुचाकीनं हातगाडीवर फळं विकणाऱ्या माणसाला धडक दिली होती. त्याच्या पायाचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली, धंदा बंद पडला. त्यानं भरपाईचा दावा केला होता. गाडीचा विमा संपलेला होता, त्यामुळे विमा कंपनी बाजूलाच राहिली. सामनेवाला क्रमांक एक गाडी चालवणारा तरुण, आणि सामनेवाला क्रमांक दोन माझे अब्बा. ज्यांनी ती गाडी 2017 साली विकली होती.

विकली कशी, तेही सांगते, कारण आपल्यातले निम्मे लोक अशीच विकतात. घेणारा पलीकडच्या गल्लीतला, ओळखीचा. बावीस हजारांत सौदा ठरला. बारा हजार हातात, उरलेले बकरीदच्या आधी. अब्बांनी आरसी बुक दिलं, ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, चावी दिली. ‘नावावर करून घ्या’ म्हणाले, तो ‘हो हो’ म्हणाला. पैसे त्यानं ठरल्याप्रमाणे दिले, एक दिवस उशीर केला नाही. माणूस खोटा नव्हता. फक्त आरटीओत गेला नाही. दोन वर्षांनी त्यानं तीच गाडी, त्याच सह्या केलेल्या फॉर्मसकट, आणखी कुणाला तरी विकली. तिथून ती कुणाकडे गेली हे आमचे वकील अजून शोधत आहेत.

मी अब्बांना विचारलं, ‘तुम्ही नंतर एकदाही बघितलं नाही का नाव बदललं की नाही?’ ते म्हणाले, ‘बेटा, आदमी की ज़बान भी कुछ होती के नै?’

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करतेय. जबान ही मोठी गोष्ट आहेच. पण रस्त्यावर पाय मोडून पडलेल्या माणसाला त्या दोघांमधली जबान माहीत नसते. त्याला फक्त नंबर प्लेट दिसते.

कायदा नेमका तिथेच बोट ठेवतो. मोटार वाहन कायदा 1988 नुसार गाडीचा मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्या प्रकरणातली गाडीही हातोहात विकली गेली होती आणि अपघातानंतर प्रश्न आला की भरपाई द्यायची कुणी. न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव आहे त्यानं. जखमी माणसानं किंवा मृताच्या घरच्यांनी गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत फिरावं, अशी अपेक्षा करता येणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा निकाल अब्बांच्या विरोधातला वाटला. नंतर त्या फळवाल्याला न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात बघितलं. कुबडी भिंतीला टेकवून बसला होता, सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा. तोही आपल्यातलाच आहे, हे आडनावावरून कळलं. नसता तरी काय फरक पडला असता? त्या दिवसापासून हा निकाल मला चुकीचा वाटत नाही.

आता यात अब्बांची चूक किती? लोक समजतात की गाडी नावावर करून घेणं हे घेणाऱ्याचं काम. तसं नाही. कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानंही 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 त्यासाठीच आहे. घेणाऱ्यानं 30 दिवसांत फॉर्म 30 भरायचा. म्हणजे जबाबदारी दोघांची आहे आणि वेगवेगळी आहे. घेणारा गेला नाही तरी विकणाऱ्याला आपलं काम करता येतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून समोरच्याच्या हातात देणं म्हणजे आपलं काम त्याच्या खिशात घालणं.

दुसरी चूक पत्त्याची. पत्ता बदलला की 30 दिवसांत आरटीओला कळवावं, असं कलम 49 सांगतं. आम्ही कोंढव्यात आलो तेव्हा गॅसचं कार्ड बदललं, रेशन कार्डासाठी चार खेपा घातल्या, मुलांच्या शाळेचे दाखले आणले. अब्बांच्या लेखी ती गाडी आता आपली नव्हतीच, मग तिचा पत्ता कोण बदलणार? पण कागदावर गाडीही त्यांची होती आणि घरही जुनंच होतं. पहिली नोटीस परत गेली. दुसरीही गेली असती तर अब्बांच्या गैरहजेरीतच निकाल लागला असता आणि वसुलीचा माणूस दारात आल्यावर आम्हाला कळलं असतं.

ई-चलानचंही असंच आहे. ते आरसीवरच्या मोबाइल नंबरावर जातं. नंबर दहा वर्षांपूर्वी बंद केलेला असेल तर चलानं साठत राहतात. महाराष्ट्रात एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबर प्लेट लावायची सक्ती झाली, तेव्हा आमच्या ओळखीच्या तिघांना बुकिंग करताना कळलं की आपण रोज चालवतो ती गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. एकाचा आधीचा मालक तर वारला होता.

आणि एक गोष्ट आपण मोठ्यानं बोलत नाही. गाडी चोरीत वापरली गेली, मारामारीत दिसली, कुठे बेवारस सापडली, तर पोलीस पहिल्यांदा नोंदणीतल्या नावाच्या दारात येतात. ते त्यांचं काम आहे. पण आपल्या वस्तीत, आपल्या नावाच्या माणसाच्या दारात पोलीस आले की पुढे काय काय बोललं जातं, किती दिवस बोललं जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘गाडी तर विकली होती’ हे सिद्ध करायला आपल्याकडे तेव्हा काय असतं? एक आठवण.

आपल्याकडे या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर आहे: ही सरकारी कटकट आहे. मला ते पटत नाही. सूरह अल-बकराची 282 वी आयत कुराणातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवणं. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतक्या तपशिलात ती जाते. मी हे अब्बांना म्हटलं तर ते हुशार, लगेच म्हणाले की हातोहात सौद्याला त्याच आयतीत सवलत आहे. बरोबर आहे. पण त्याच सवलतीपुढे सौदा करताना साक्षीदार ठेवायलाही सांगितलंय. आणि मुळात तुमचे दहा हजार बकरीदपर्यंत उधार होते ना, अब्बा? ते हसले. त्या महिन्यात ते पहिल्यांदाच हसले होते.

दुसऱ्या एका गोष्टीवर मात्र माझा राग अजून गेलेला नाही, आणि ती आहे नाव.

आरसीवर अब्बांच्या नावात मोहम्मदचं नुसतं ‘मो.’ झालंय. आधारवर ते पूर्ण आहे. लायसन्सवर आडनाव आधी आणि नाव नंतर. इंग्रजीत शेख लिहिताना एका कागदावर एस-एच-ए-आय-के-एच, दुसऱ्यावर एस-एच-ई-आय-के-एच. माणूस एकच, कागद चार, नावं चार. हे फक्त आमच्या घरात नाही. अब्दुलनंतरचा शब्द गाळून नुसतं ‘अब्दुल’ लिहिलेली कार्डं मी डझनभर पाहिली आहेत. अब्दुल हे अर्धं नाव आहे, बंदा कुणाचा ते पुढच्या शब्दात असतं. नावापुढच्या ‘बी’चं कुठे ‘बाई’ होतं, कुठे ते आडनाव बनतं. फॉर्मला तीन खाने हवे असतात: नाव, मधलं नाव, आडनाव. आपल्या आजी-आजोबांची नावं त्या खान्यांसाठी ठेवलेली नव्हती. खिडकीतल्या माणसानं जे ऐकलं ते लिहिलं, आपण ‘चालतंय’ म्हणालो.

यात कार्यालयांचा दोष आहे आणि आपलाही आहे. 2019-20 च्या हिवाळ्यात एनआरसीच्या भीतीनं आपल्या किती मोहल्ल्यांत लोक जन्मदाखले आणि नावं दुरुस्त करायला रांगेत उभे राहिले, आठवतं? ती भीती खोटी नव्हती. पण भीती ओसरली तसा कागदांचा विषयही संपला. तेव्हाही लायसन्स आणि आरसी कुणी उघडून पाहिली नाही. लायसन्स नागरिकत्वाचा पुरावा नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षच गेलं नाही. मला वाटतं आपण कागदांकडे फक्त भीतीच्या दिवसांत बघतो आणि त्यामुळे ते कधीच नीट होत नाहीत. घाईत केलेल्या दुरुस्त्यांनी आणखी एक पाचवं स्पेलिंग तयार होतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी घरात बसून ठरवायचं की माझं नाव अमुक असं लिहायचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे आहे ते शक्यतो धरावं, कारण ते बदलणं सर्वांत कठीण. मग आधार. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथं प्रयोग नको. मग लायसन्स आणि आरसी. सारथी आणि वाहन या पोर्टलवरच्या बऱ्याच सेवा 2021 पासून आधारची ओळख पटवून घरबसल्या होतात, लायसन्स आणि आरसीवरचा पत्ता बदलणंही त्यात आहे. यातली गोम अशी की आधारवर जुना पत्ता असेल तर तोच पुढे जातो. नाव मुळापासून वेगळं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते आणि कागद घेऊन जावं लागतं. नुसत्या स्पेलिंगसाठी काय लागेल हे खिडकीगणिक बदलतं, हा माझा अनुभव. ते बदलू नये, यासाठी आपण लेखी विचारलं पाहिजे आणि उत्तरही लेखी मागितलं पाहिजे.

माझं स्वतःचं लायसन्स याच निमित्तानं काढून पाहिलं. पत्ता माहेरचा, सोलापूरचा. पत्ता बदलायला गेले तर तिथल्या बाईंनी निकाहनामा बघून आपुलकीनं सांगितलं, ‘लग्न झालंय ना, मग नावही बदलून टाका, एकदाच होऊन जाईल.’ मी नको म्हटलं. त्यांना नवल वाटलं. सासरच्यांनाही वाटलं होतं. पण लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, आणि आपल्या दीनमध्येही नाही. पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आयेशा लग्नानंतरही बिंत अबू बक्रच राहिल्या. नवऱ्याचं नाव मधे आणि त्याचं आडनाव शेवटी, ही रीत आपण इथल्या समाजाकडून घेतली. घ्यायला हरकत नाही, इथलेच आहोत आपण. पण ती इस्लामी रीत आहे असं सांगून मुलींवर लादू नका. ज्यांना बदलायचंय त्यांनी खुशाल बदलावं, फक्त मग सगळीकडे बदलावं. माझ्या एका मावसबहिणीनं निम्म्या कागदांवर बदललं, तलाक झाल्यावर निम्म्यावरचं परत बदलायला निघाली, आणि स्कूटी कोणत्या नावावर आहे यावरून सासर-माहेरात भांडण झालं. स्कूटीचे हप्ते तिनंच भरले होते.

पत्त्याच्या बाबतीत मात्र मी सगळा दोष आपल्यावर घेणार नाही. आपल्यातल्या मुलांना पुण्या-मुंबईत घर मिळताना काय ऐकावं लागतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या मोजक्या जागा मिळतात तिथला मालक अनेकदा नोंदणीकृत करार करत नाही. ‘अकरा महिन्यांचा साधा कागद करू’ म्हणतो. साध्या कागदावर पत्ता बदलत नाही. म्हणून मुलगा आठ वर्षं पुण्यात राहतो आणि त्याच्या लायसन्सवर बार्शी किंवा अक्कलकोट असतं. त्याला आळशी कसं म्हणू? पण त्यानं एक गोष्ट माहीत करून घ्यावी: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केली तर शिक्षा मालकाला आहे. हे भांडायला नाही, बोलताना माहीत असावं म्हणून सांगते. मी हे नीट, चहा पिता पिता सांगितलं तेव्हा आमच्या मालकांनी करार नोंदवला. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि सोलापूरहून पुण्याला आलात म्हणून एमएच-13 चा नंबर बदलावा लागत नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की वेगळा सांगावासा वाटला.

राहिले एजंट. लायसन्सवरचा पत्ता बदलायची सरकारी फी 200 रुपये, कार्डाचे 200 वेगळे. कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली माझ्याकडे पंधराशे मागितले. पैसे जातात ते जातातच, पण मोठा घोळ वेगळा असतो. एजंट स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, कारण ओटीपी त्याला हवा असतो. मग तुमच्या गाडीची चलानं, तुमच्या अर्जाचे मेसेज, सगळं त्याच्या फोनवर. माझ्या नवऱ्याच्या आरसीवर आजही एका अनोळखी माणसाचा नंबर होता, तो आम्ही परवा बदलला.

आपल्या मोहल्ल्यांतले तरुण रक्तदान शिबिरं घेतात, दहावीच्या मुलांचे सत्कार घेतात. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात एक टेबल, एक लॅपटॉप आणि इंग्रजी वाचता येणाऱ्या दोन मुली-मुलं बसवली तर तासाभरात तीस घरांच्या गाड्यांची नावं तपासून होतील. काय तपासायचं? गाडी कुणाच्या नावावर आहे. मालक हयात आहे का. वारला असेल तर, नियम असा आहे की वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची. वालिद जाऊन पाच वर्षं झाली आणि मुलगा त्यांचीच गाडी चालवतोय अशी घरं तुमच्या गल्लीतही असतील. 2021 पासून आरसीवर वारसदार म्हणून कुणाचं नाव आधीच लावून ठेवता येतं, हे तर फारच थोड्यांना माहीत आहे. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं नाव आरसीवरून काढलंय का, तेही बघावं.

आमच्या दाव्याची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतात, पहिला खरेदीदार साक्षीला यायला तयार आहे, त्यानं व्यवहार कबूल केला तर पुढे त्याच्याकडून वसुली मागता येईल, पण फळवाल्याला पैसे आधी अब्बांनाच द्यावे लागतील अशी तयारी ठेवा. अम्मीनं हजसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

परवा मी फोनवर सगळ्यांच्या गाड्या तपासत बसले होते. माझी, नवऱ्याची, भाईजानची. अब्बा शेजारी बसून बघत होते. मग म्हणाले, ‘वो एम-80 भी देख ना ज़रा.’ ती तर मी शाळेत असताना विकली होती, स्प्लेंडर घेतली तेव्हा. नंबर त्यांना अजून तोंडपाठ आहे. घेणाऱ्याचं नाव मात्र आठवत नाही.